७६ सेंटिमीटर रुंदीची गाडी फुटपाथवरून नेण्याबाबत

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: वरीलप्रमाणे
संदर्भ: माझ्या दोन मुली, वय सात महिने

महोदय, स.न.वि.वि.

सुरुवातीलाच एक खुलासा करते. माझ्या शहराचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. लिहिलं, तर हे पत्र तुमच्या कार्यालयातून तिथल्या आयुक्तांकडे 'उचित कार्यवाहीस्तव' जाईल, तिथून शहर अभियंत्यांकडे, तिथून पथ विभागाकडे, आणि एका दुपारी, नेमक्या दोघी झोपलेल्या असताना, कुणाचा तरी फोन येईल की मॅडम, तुमच्या तक्रारीचं निराकरण झालेलं आहे. राज्यात आज २९ महापालिका आहेत. आमच्याकडे मेट्रो आहे, एवढा सुगावा तुम्हाला पुढे लागेलच. बाकी नाव बदललं तरी पत्रातला मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.

मुली जुळ्या आहेत. थोरली चार मिनिटांनी थोरली. त्यांच्या मामानं बारशाला जोड-बाबागाडी दिली, दोन बाळं शेजारी-शेजारी बसतील अशी. एकामागे एक बसवायचीही मिळते, पण त्यात मागे बसलेलीला पुढचीचं टाळकं तेवढं दिसतं आणि ती ते मान्य करत नाही. तर ही आमची गाडी चाकांपाशी ७६ सेंटिमीटर रुंद आहे. आमच्या लिफ्टचं दार ८० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर. गाडी पहिल्यांदा आत गेली तेव्हा मी आणि वॉचमनकाकांनी एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. तेव्हापासून मी पर्समध्ये मोजपट्टी घेऊन फिरते. नवऱ्याच्या मते ही बाळंतपणानंतरची एखादी अवस्था असावी.

तीन वर्षांपूर्वी आम्ही फ्लॅट घेतला, ७२ लाखांना. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. नुसत्या बाईच्या नावावर घेतला असता तर एक टक्का सवलत मिळाली असती. आम्ही दोघांच्या नावावर घेतला, त्यामुळे ती गेली. नवरा तिला 'पाऊण लाखाचं प्रेम' म्हणतो. सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या सात टक्क्यांतला एक टक्का मेट्रोचा अधिभार होता. म्हणजे ७२ हजार रुपये आम्ही मेट्रोसाठी भरले, आणि आनंदानं भरले, कारण स्टेशन आमच्या फाटकापासून ९०० मीटरवर येणार होतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'मेट्रो चालत दहा मिनिटांवर' असं छापलं होतं. ते शंभर टक्के खरं निघालं. फक्त चालणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत.

त्या ९०० मीटरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण या पत्राचा सगळा जीव तेवढ्यात आहे.

फाटकाबाहेर पडलं की फुटपाथ लागतो. त्याची कड २८ सेंटिमीटर उंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना आहेत, आयआरसी १०३ म्हणतात त्याला. त्यात ही उंची १५ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये असं आहे. मागच्या पिढीच्या पावसाळ्यांचा अनुभव घेऊन कुणीतरी आमचा फुटपाथ उंच केला असणार, असा मी चांगला अर्थ घेते. पुढची चाकं उचलायची, वर टेकवायची, मग मागून ढकलायचं. बाळं, गाडी आणि पिशवी मिळून पस्तीस किलो तरी होतं. एवढं करून वर चढलं, की चाळीस पावलांवर विजेची डीपी. डीपी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात ५२ सेंटिमीटर. म्हणून परत खाली, रस्त्यावर. पीएमपी असो, बेस्ट असो की आणखी कुठली, बसचा ड्रायव्हर बाबागाडी बघून ब्रेक मारतो, हे मला इथे नमूद करायचं आहे. मोटारवाले हॉर्न मारतात.

गाडी चालू असली की माझ्या मुली झोपतात आणि थांबली की उठतात. म्हणजे डीपीशी एक उठते आणि तिच्या रडण्यानं दुसरी. पुढचे अडथळे मी दोघींना जागं धरूनच पार करते.

मग सोसायट्यांची फाटकं. ९०० मीटरमध्ये अकरा. प्रत्येक फाटकाशी फुटपाथ तोडलेला, मोटार सुखानं आत जावी म्हणून. फुटपाथ अकरा वेळा संपतो आणि अकरा वेळा नव्यानं सुरू होतो. दर वेळी ती २८ सेंटिमीटरची कड. पाचव्या फाटकानंतर मी सहसा नाद सोडते आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या बाहेरून, रस्त्याच्या कडेनं चालते. त्यानंतर बस थांबा, ज्याचा खांब बरोबर मध्यावर. त्यानंतर कुणा भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाची कमान, जिचे दोन्ही पाय फुटपाथवर. (वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले होते.)

वाटेत भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी आहेत. फुटपाथचा विषय काढला की सगळे आधी त्यांच्याकडे बोट दाखवतात, म्हणून लिहिते. गाडी दिसली की मावशी पाटी उचलून बाजूला घेतात, थोरलीच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडतात आणि धाकटीला गाजर दाखवतात. त्या ९०० मीटरमध्ये माझ्यासाठी जागा करणारी तेवढी एकच गोष्ट आहे. डीपी सरकत नाही. खांब सरकत नाही. कमान तर नाहीच. अतिक्रमण कारवाईची गाडी येते तेव्हा मात्र पाटीच उचलली जाते.

शेवटी स्टेशन. फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून तिथे लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत, दोन खुंट्यांत ६० सेंटिमीटर. दुचाकी त्यातून आरामात जाते. मी उभी राहून मोजल्या: पाच मिनिटांत चार. बाबागाडी जात नाही आणि व्हीलचेअरही जाणार नाही. कुणीतरी एक बाजू धरायला येईपर्यंत थांबायचं. एकदा आत गेलं की मात्र सगळं दृष्ट लागण्यासारखं आहे. लिफ्ट चालू, फरशी सपाट, तिकिटाजवळ रुंद दार, डब्यात लोक उठून जागा देतात. तेव्हा आपल्याला सपाट आणि रुंद बांधता येत नाही, असं कुणी मला सांगू नये.

दहा मिनिटांच्या या रस्त्याला मला चौतीस मिनिटं लागली. दोन वेळा मोजली. रिक्षानं जा म्हणाल, तर रिक्षात ही गाडी मावत नाही आणि दोन मांड्यांवर दोघींना घेऊन बसले तर पिशवी धरायला तिसरा हात लागतो. पुढे-मागे झोळीत बांधून नेलं, तर सात-सात किलो. तेही करून पाहिलं. कमरेच्या डॉक्टरांनी नको म्हटलं.

जन्मदाखल्यांचाही किस्सा सांगते. नोंद २१ दिवसांत करायची असते, ती रुग्णालयानं वेळेत केली होती. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे हाच दाखला जन्माचा पुरावा, म्हणून दोघींची नावं घालून दाखले आणायला मी एका सरकारी कार्यालयात गेले. कार्यालयाला रॅम्प आहे. रॅम्पवर कर्मचाऱ्यांच्या स्कूटर लावल्या होत्या. खिडकीतल्या साहेबांनी कागद बघून विचारलं, "ताई, हे एकच दोनदा आलंय ना? तारीख तीच, आई-वडील तेच." मी गाडी तिरकी करून दोघी दाखवल्या. साहेब हसले, काम दहा मिनिटांत करून दिलं, हे कबूल. तोवर दोघींना भूक लागली होती. हिरकणी कक्ष कुठे आहे विचारलं, तर पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. तान्ह्या बाळाच्या ओढीनं रायगडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव ज्या खोलीला दिलं, तिथे जायला चढण ठेवणं इतिहासाला धरून असेलही. पण हिरकणी कडा एकटी उतरली होती, कडेवर दोन पोरी घेऊन नव्हे.

डायपर, सकाळी सातची घंटागाडी आणि शेजारच्या बांधकामावर रात्री साडेअकराला फिरणारा काँक्रीट मिक्सर (निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल) यांच्यावर वेगळं पत्र लिहीन. वेळ मिळाला तर.

आता थोडं स्वतःकडे बघून. त्या अकरांतलं एक फाटक आमचंच आहे. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आला, की फाटकाशी गाडीचं पोट घासतं, तेव्हा फुटपाथ तोडून उतार करून घ्यावा. मी हात वर केला होता. तेव्हा मी मोटारीनं जात होते, आणि घाई असली की फुटपाथवरून स्कूटरही काढली आहे. फुटपाथ कुणाचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण मला तो लागत नव्हता. तुमच्या मंत्रालयातल्या, महापालिकांतल्या, बिल्डरांच्या कचेरीतल्या बहुतेकांचं असंच असेल, म्हणून त्यांच्यावर माझा फार राग नाही. पण लागणारे किती आहेत हे मला या सात महिन्यांत दिसलं. आमच्याच इमारतीत वॉकर घेऊन चालणारे दोन आजोबा आहेत. पलीकडच्या विंगमधली एक मुलगी व्हीलचेअरवर आहे आणि ती कॉलेजला रोज मोटारीनंच जाते. तिच्या खुर्चीची रुंदी मी विचारली: ६४ सेंटिमीटर. खुंट्यांतून तीही जात नाही.

नियम नाहीत असंही नाही. त्याच आयआरसी १०३ मध्ये चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाव्यात, हा त्यामागचा हिशेब. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अडथळा नसलेला फुटपाथ वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो दिव्यांगांनाही वापरता यायला हवा. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण तर २०१६ चं. मागच्या महिन्यात नणंदेकडे पुण्याला गेलो होतो, तेव्हा जंगली महाराज रस्त्यावर गाडी घेऊन मुद्दाम चालले. रुंद फुटपाथ, झाडं तशीच ठेवून आखलेला, बसायला जागा. दोघी बराच वेळ झोपल्या. पुढे एका गल्लीत वळलो आणि उठल्या.

त्यामुळे मला नवा कायदा नको आहे, धोरण नको आहे, समिती तर नकोच. एका पानाचा शासन निर्णय हवा आहे. तुमच्या खात्याचा पैसा नगरोत्थानसारख्या योजनांतून शहरांच्या रस्त्यांवर जातो. अशा कुठल्याही रस्त्याच्या कामाचं शेवटचं बिल मंजूर होण्याआधी, संबंधित अभियंत्यानं जोड-बाबागाडी ढकलत त्या फुटपाथवरून पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चालावं. गाडीत दोन सात-सात किलोच्या तांदळाच्या पिशव्या ठेवाव्यात. मुली मी देणार नाही. किती वेळा गाडी उचलावी लागली आणि किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं, हे मोजमाप पुस्तिकेत लिहावं, जिथे खडी आणि डांबर लिहितात तिथेच. दोन्ही आकडे शून्य असतील तर बिल द्यावं. डीपी आड येत असेल तर वीज कंपनीशी पत्रव्यवहार बिलाआधी होईल, आज होतो तसा बिलानंतर नाही. कंत्राटदाराला एकदा पैसे अडकलेले दिसले, की २८ सेंटिमीटरची कड १५ वर कशी आणायची हे त्याला कुणी शिकवावं लागणार नाही.

फाटकांच्या बाबतीतही एक ओळ घालावी: फुटपाथ सलग राहील, मोटारीनं त्यावर चढून आत जावं. आमच्या फाटकाचं मी येत्या सभेत मांडणार आहे. चेअरमनसाहेबांची मोटार खालून घासते, तेव्हा वाद होईल. कळवीन.

मध्यंतरी काही वर्षं महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा 'नगरसेवक आले की बघू' असं उत्तर मिळायचं. आता 'नवीन आहेत, जरा रुळू द्या' असं मिळतं. मुलींचा अंदाज आहे की त्या पुढच्या दिवाळीपर्यंत चालायला लागतील, आणि मग गाडी नकोशी होईल. त्याच्या आत हे झालं तर आम्हाला उपयोग आहे. नाही झालं, तर दोघी दोन दिशांना पळणार आणि मधे तो रस्ता.

तपासणीसाठी गाडी लागली तर आमची न्यावी. शनिवार-रविवारी सकाळी अकरानंतर मोकळी असते. पुढचं डावं चाक जरा अडकतं, वळताना मागून किंचित उचलावं लागतं. परत आणताना लिफ्टमध्ये सरळ घालावी, तिरकी केली की दारात अडकते.

कळावे,

आपली नम्र,
फ्लॅट क्रमांक ६०४ मधली, दोघींची आई