ताई, सह्यांच्या आधी मुलांच्या वाचनाबद्दल विचारून घे

ब्रॅम्प्टन, 12 ऑक्टोबर

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुझ्या कुकरच्या शिट्ट्यांपुढे माझं काही चाललं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. तू शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झालीस याचा मला मनापासून आनंद झाला. आईने तर अख्ख्या धनकवडीला सांगून झालं असणार. पण तू पुढे जे म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. "अरे, मला काय करायचंय त्यात? बाई सांगतील तिथे सही करायची आणि चहा पिऊन घरी यायचं." तसं करू नकोस. का ते सांगायलाच हा पत्रप्रपंच.

चिरंजीव जातो त्या शाळेत पालकांची कौन्सिल असते. इथल्या, म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा 2000 सालचा नियम आहे, प्रत्येक सरकारी शाळेत ती असलीच पाहिजे. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की 30 दिवसांत निवडणूक आणि 35 दिवसांत पहिली बैठक. सभासदांत बहुमत पालकांचं, अध्यक्षही पालकच. शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतो, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक असतो. मुख्याध्यापिका प्रत्येक बैठकीला हजर राहतात, पण त्यांना मत नाही. वर्षात निदान चार बैठका व्हाव्या लागतात आणि दार सगळ्यांना उघडं. इतिवृत्त आणि पैशांचा हिशेब शाळेत ठेवलेला असतो, तो कोणीही येऊन फुकट पाहू शकतं. मागच्या वर्षी कोणी उभंच राहत नव्हतं तेव्हा हिने माझं नाव पुढे केलं, आणि मी त्यात आलो.

पहिले काही महिने आम्ही काय केलं असेल? पिझ्झा विकला. इथे मुलं डबा घरून नेतात, त्यामुळे ठरल्या दिवशी शाळेत पिझ्झा मागवायचा, चार पैसे वर ठेवायचे आणि त्यातून सहलीच्या बसचं भाडं किंवा मैदानावरची सावली असलं काहीतरी करायचं. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीसारखंच सगळं. तोच उत्साह, पावतीपुस्तकावरून तीच भांडणं, आणि हिशेब जुळला की वर्ष सार्थकी लागल्याचं तेच समाधान. मी वर्गणीला नावं ठेवत नाही. गरीब घरचं पोर सहलीला जाऊ शकलं तर ते चांगलंच आहे. पण शाळा सुधारणं आणि शाळेसाठी पैसे जमवणं यांत फार अंतर आहे, आणि बहुतेक कौन्सिलांची सगळी ताकद पैसे जमवण्यातच संपते.

आमच्याकडे गाडी वळली ती वाचनामुळे. ही गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे.

आमचा दुसरीत होता. घरी पुस्तक आणायचा आणि धडाधड वाचायचा. एकदा हिच्या लक्षात आलं की पानावर 'हॉर्स' छापलंय आणि तो 'पोनी' म्हणतोय. चित्र पाहून अंदाजाने ठोकून देत होता! आपण अ, आ, इ गिरवून बाराखडीवर वाढलेली माणसं, आपल्याला हे वाचन वाटेचना. शिक्षिकेला विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "बरीच वर्षं असंच शिकवायला सांगितलं होतं. अडलं की चित्र बघा, वाक्याच्या अर्थावरून ओळखा." अक्षर आणि उच्चार यांची जोडणी पद्धतशीर शिकवणं मागे पडलं होतं. इथल्या मानवाधिकार आयोगाने या सगळ्याची चौकशी केली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये 'राइट टू रीड' नावाचा मोठा अहवाल दिला. वाचायला शिकणं हा मुलाचा हक्क आहे, आणि चालू पद्धतीमुळे असंख्य मुलं, विशेषतः वाचनात अडचण असलेली, मागे राहताहेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं. त्यानंतर सप्टेंबर 2023 पासून भाषेचा अभ्यासक्रम बदलला. मोठ्या शिशुवर्गापासून दुसरीपर्यंत प्रत्येक मुलाची वाचनाची छोटी चाचणी घेणंही बंधनकारक झालं.

अभ्यासक्रम कागदावर बदलला तरी वर्गातल्या टोपल्यांत पुस्तकं जुनीच होती. कौन्सिलमध्ये एकजण म्हणाला, पिझ्झ्याचे पैसे आहेत ना, आणू या नवी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाही चालणार. वर्गात शिकवायचं साहित्य सरकारी निधीतून यायला हवं, पालकांच्या वर्गणीतून ते घ्यायचं नाही असा दंडक आहे. आधी माझं डोकंच फिरलं. नंतर पटलं. पालकच पुस्तकं घ्यायला लागले तर पैसेवाल्या वस्तीतल्या शाळेला सगळं मिळेल आणि शेजारच्या शाळेला काहीच नाही, शिवाय या शाळा चालवणारं बोर्डही हात झटकून मोकळं होईल.

मग आम्ही वेगळा रस्ता धरला. नियमात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. कौन्सिलने लेखी शिफारस केली तर मुख्याध्यापकांना तिचा विचार करावाच लागतो, आणि त्यावर काय केलं ते कौन्सिलला कळवावंही लागतं. नकार देता येतो, गप्प बसता येत नाही. इथे तिसरी आणि सहावीच्या मुलांची प्रांतभर एकच परीक्षा होते, वाचन, लेखन आणि गणिताची. तिचा निकाल शाळेवार जाहीर होतो आणि त्यावर शाळेने सुधारणेचा आराखडा करायचा असतो. तो करताना कौन्सिलचं मत विचारणंही मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. आम्ही दोनच प्रश्न लिहून दिले. वाचनाच्या चाचणीत किती मुलं मागे आढळली, नावं नकोत, नुसती संख्या सांगा. आणि त्या मुलांसाठी आठवड्यात काय होतं, कोण करतं, किती वेळ करतं?

पुढच्या बैठकीत मुख्याध्यापिका कागद घेऊन आल्या. खरं सांगू, त्यांना बरं वाटलं असावं. वर बोर्डाकडे मागायला त्यांना पालकांच्या मागणीचा आधार मिळाला. पुस्तकं आली, एकदम नाही, पण शिशुवर्ग आणि पहिलीसाठी आली. मागे राहिलेल्या मुलांचे छोटे गट होऊन ठरलेल्या वेळी बसायला लागले. आमच्या पैशांतून आम्ही केलं ते इतकंच की संध्याकाळी पालकांना बोलावून शिक्षिकांकडून दाखवून घेतलं, मूल वाचताना अडलं तर काय करायचं. लगेच शब्द सांगायचा नाही, चित्राकडे बोट दाखवायचं नाही, अक्षरं जोडून म्हणायला लावायचं. पंजाबीत आणि गुजरातीत समजावून सांगायला पालकच उभे राहिले. त्या दिवशी मुलांना सांभाळायला वरच्या वर्गातली पोरं ठेवली होती, म्हणून आया येऊ शकल्या. ब्रॅम्प्टनमध्ये बरीच घरं गोदामांच्या आणि ट्रकच्या पाळ्यांवर चालतात. बैठकीची वेळ चुकली की कौन्सिल म्हणजे सवड असणाऱ्यांचा क्लब होतो. आमचीही अजून बरीचशी तशीच आहे.

आता तुझ्याकडे वळतो. तुझा फोन झाल्यावर मी आपला शिक्षण हक्क कायदा काढून वाचला, 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. कलम 21 आणि 22 तू स्वतः वाच, दोन्ही मिळून पानभरही नाहीत. महापालिकेच्या शाळेतल्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्याकडे मुख्याध्यापिका बाई सदस्य-सचिव असतात, म्हणजे बैठकीच्या कागदपत्रांचं काम त्यांचं आणि बैठक तुझी. आता मुख्य गोष्ट. आम्ही इथे फक्त सल्ला देतो. तुमच्या समितीला कायद्यानेच सांगितलंय की शाळेच्या कामकाजावर देखरेख करा, अनुदान कसं खर्च होतं ते पाहा आणि शाळा विकास आराखडा तुम्ही तयार करा. तुम्ही केलेल्या आराखड्यावरच पुढची अनुदानं बेतायची असतात. इथल्या पालकांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. त्यात बाईंनी दाखवलेल्या जागी सही करणं म्हणजे घरची तिजोरी उघडी टाकून शेजारी उसने मागायला जाणं झालं.

आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार व्हावा लागतो. म्हणजे दिवाळीनंतर तुमच्या हाताशी फार दिवस उरत नाहीत. मला ठाऊक आहे, आराखडा म्हटलं की यादी कुठून सुरू होते. संरक्षक भिंत, रंगकाम, संगणक, प्रोजेक्टर. स्वच्छतागृहांचं जरूर लिहा, मुलींसाठी तर आधी ते. पण एक पान वाचनाला ठेव. केंद्र सरकारच्या निपुण भारत योजनेत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं 2026-27 पर्यंतचं उद्दिष्ट आहे, म्हणजे तू हे विचारलंस तर कोणी 'हा तुमचा विषय नाही' म्हणू शकणार नाही. दुसरी-तिसरीतली किती मुलं परिच्छेद वाचतात, किती शब्दांवर अडतात, किती अजून अक्षरांवर आहेत, एवढं विचार. बाईंकडे ते असतंच. आणि पुढच्या बैठकीत तेच पुन्हा विचार.

संयुक्त शाळा अनुदानाचंही बघ. ते पटावर ठरतं, 101 ते 250 पट असेल तर वर्षाला 50 हजार, त्यापुढे 1000 पर्यंत 75 हजार. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही, वीजबिल आणि खडू-फळ्यातच बरीचशी जाते. पण समितीत वाचून दाखवलेला हिशेब आणि फाइलीत लावलेला हिशेब यांत फरक असतो.

एक काळजी मात्र घे. समितीत आले की काहीजण वर्गाच्या दारात उभे राहून बाईंची हजेरी घ्यायला लागतात. शिक्षक वेळेवर येतात का हे पाहणं समितीचं काम आहेच, पण चारचौघांत पाणउतारा केलास तर पुढे तुला कोणी खरं सांगणार नाही. एखाद्या शिक्षकाबद्दलची तक्रार बैठकीत नको, बाईंच्या खोलीत कर. आमच्याकडेही व्यक्तींबद्दल बैठकीत बोलत नाहीत. उलट शिक्षकांच्या बाजूने उभी राहा. एखादी जागा रिकामी असेल, दोन वर्ग एकत्र बसत असतील, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाला समितीच्या ठरावाने पत्र पाठव, पोच घे आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठव. शिक्षकांनी लिहिलं तर ते गाऱ्हाणं ठरतं. पालकांचा ठराव गेला की निदान आवक-जावक रजिस्टरात त्याला नंबर पडतो.

आणि बैठकीची वेळ! तू म्हणालीस सकाळी अकरा. तुमच्या शाळेतल्या किती आया त्या वेळी लोकांच्या घरी धुण्याभांड्याला असतात? त्यांनी खाडा करायचा का? संध्याकाळी शाळा सुटताना ठेव, मुलांना न्यायला त्या येतातच. कोरम नसताना घरोघर वही फिरवून सह्या घेण्यापेक्षा ते सोपं आहे.

लांबचं उदाहरण शोधायला नको, आपल्या पुणे जिल्ह्यातलंच आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव 2025 मध्ये जगभर झालं, ते गावाने शाळेला हात दिला म्हणून. तिथे मुलं एकमेकांची 'विषय मित्र' होऊन शिकवतात म्हणे. तुमच्याकडे पाचवी-सहावीतल्या मुलींनी दुसरीच्या पोरांचं वाचन ऐकायला काय हरकत आहे? त्याला अनुदान लागत नाही आणि वरून परवानगीही लागत नाही.

बाकी इकडे सगळे ठीक. पानं लाल झालीत, थंडी अंगात शिरायला लागली आहे. आईच्या गुडघ्याला ते बेल्ट पाठवलंय, तिला म्हणावं कपाटात ठेवू नकोस. भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची पुढची बैठक झाली की इतिवृत्ताचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाक. अध्यक्ष म्हणून वही मागायचा तुला अधिकार आहे, बाई देतील. मी रात्री जागा असतो, काही अडलं तर कर फोन, फक्त कुकर लावायच्या वेळी नको.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींच्या ऑफिसातले कोणी टोरांटोला येणार होते ना, त्यांच्याबरोबर मोठ्या टायपातली दोन-तीन मराठी गोष्टींची पुस्तकं पाठव. चिरंजीव आता मराठीही वाचेन म्हणतोय, तोवर पाठव.