दादा, माघार घेताना कधी निघायचं

प्रिय दादा,

आईचा गुडघा कसा आहे ते आधी कळव, फोनवर ती खरं सांगत नाही. मोसंबीला भाव बरा मिळाला असं वहिनी म्हणाली, ऐकून बरं वाटलं. इकडे थंडी सुरू झालीये, चार-साडेचारलाच अंधार पडतो आणि मी आठवडाभर गुरुवारची वाट बघत असतो. गुरुवारी आम्ही काही जण हॉलमध्ये टेबलं जोडून नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळतो हे तुला माहितीच आहे, बोटाच्या पेराएवढे शिपाई, फासे, आणि किती सरकायचं ते मोजायला मेजर टेप. तू मागे विचारलं होतंस की फौज निम्मीसुद्धा नसेल आणि मागेच हटायचं ठरलेलं असेल तर त्यात खेळण्यासारखं काय? त्याचं उत्तर आज नीट लिहितो.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही कोआ नदीची लढाई लावली होती. पोर्तुगालच्या सीमेवर आल्मेइदा नावाचा किल्ला आहे, त्याच्याजवळ २४ जुलै १८१० ला इंग्रजांचा क्रॉफर्ड आपली लाइट डिव्हिजन, म्हणजे चपळ पायदळाची फौज, घेऊन फ्रेंचांच्या बाजूच्या काठावर थांबला होता. त्याच्याकडे पाचेक हजार माणसं, समोर फ्रेंचांचा मार्शल नेय, वीस हजारांच्या वर. पाठीमागे खोल दरी, आदल्या रात्रीच्या वादळी पावसाने फुगलेली नदी, आणि एकच अरुंद दगडी पूल. त्या काठावर लढाई करू नकोस असं इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टनने त्याला सांगितलेलं होतं तरी तो थांबला, आणि नेयने सकाळी सगळी फौज एकदम अंगावर घातली.

क्रॉफर्डची बाजू माझ्याकडे होती. पाच बटालियन, घोड्यांच्या तोफा आणि घोडदळ धरून सात तुकड्या, आणि आमच्या नियमात पुलावरून एका टर्नला, म्हणजे एका पाळीत, एकच तुकडी जाते, खेळ दहा टर्नचा. म्हणजे हिशोब साधा होता, चौथ्या टर्नला पहिली तुकडी पुलावर हवी. पण माझ्या रायफलवाल्यांचे फासे चांगले पडत होते, फ्रेंच पडत होते, आणि मला वाटत राहिलं अजून एक टर्न, अजून एक टर्न. सहाव्या टर्नला निघालो तेव्हा तोफा आणि घोडदळ एकाच वळणावर अडकले आणि मागून फ्रेंचांचे हुसार, म्हणजे हलकं घोडदळ, घुसले. दोन बटालियन तिकडेच गमावल्या. खऱ्या लढाईतही असंच झालं रे, पुलाच्या वरची टेकडी लवकर सोडली गेली, ५२व्या रेजिमेंटचे काही लोक अजून मागेच होते, म्हणून ४३वीच्या माणसांना परत वर धावून ती टेकडी घ्यावी लागली. मग पलीकडून पूल धरला आणि नेयचे पुलावरचे हल्ले परतवले म्हणून डिव्हिजन वाचली.

आपल्याला घोडखिंड लहानपणापासून पाठ आहे, तोफांचा आवाज येईपर्यंत जागचं हलायचं नाही. पण ही लढाई वेगळी आहे दादा, इथे तीच फौज उद्या परत लढायला हवी असते. इथे शत्रूची माणसं मारायची नसतात, त्याचा वेळ खायचा असतो. तो रस्त्याने कॉलममध्ये, म्हणजे एकामागे एक लांब रांगेत, भराभर येतो, तू कुंपणाआड थोडे रायफलवाले आणि दोन तोफा दाखवल्यास की त्याला थांबून लाइन, म्हणजे लढायला आडवी रांग, करावी लागते, त्यात त्याचा एक टर्न जातो, कधी दोन. त्याची लाइन पूर्ण झाली की तुझं काम झालं, तोफा घोड्यांना जोडायच्या आणि निघायचं. तोवर तुझी दुसरी अर्धी फौज पुढच्या टेकडीवर मांडून तयार हवी, ती थांबते, तू तिच्या मधून मागे जातोस. सगळ्यात अवघड काय तर गोळीबार छान चाललेला असताना उठणं. हात टेपकडे जातच नाही.

आणि मला क्रॉफर्ड आवडतो तो याच्यासाठी की दहाच महिन्यांनी, ५ मे १८११ ला, स्पेनमध्ये फुएंतेस दे ओन्योरोला तीच डिव्हिजन त्याने उघड्या माळावरून दोन-तीन मैल मागे आणली. उजवीकडे सातवी डिव्हिजन एकटी पडली होती, तिला सोडवायला त्याला पाठवलं होतं. भोवती फ्रेंच घोडदळ घोंगावतंय, बटालियन चौकोनाला, म्हणजे घोडदळ आलं की चारही बाजूंना तोंड करून उभं राहायला, तयार राहून चालतायत, इंग्रज घोडदळ कमी असूनही एकेक छोटा हल्ला करून परत येतंय, आणि त्यांचं नुकसान अगदी थोडं. काल आम्ही तीच लढाई मांडली. मी प्रत्येक टर्नला आधी मागचा रस्ता मोजला आणि मगच फासे हातात घेतले. घोडदळ जवळ आलं की चौकोन, ते थबकलं की सहा इंच मागे, त्यांच्या तोफा लावून होईपर्यंत आम्ही टप्प्याबाहेर. एकही बटालियन गेली नाही! समोरच्या काकांनी उठून हात मिळवला, रात्री झोप लागली नाही मला.

आता तुझं काम. हाच वेलिंग्टन, तेव्हाचा आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या असईला शिंद्यांशी लढला. इथल्या लोकांना मला ते मैदान मांडून दाखवायचंय. रविवारी मोटारसायकल काढून पिंपळगावजवळ केळणेचा उतार बघून ये, काठ किती उंच आहे, चिखल आहे की दगड, आणि जुई नदीपर्यंत जमीन चढती आहे का सपाट, याचे फोटो पाठव. फोटोत शेजारी तू उभा राहा म्हणजे उंचीचा अंदाज येईल. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद, आईबाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा