पदवीदानाला नेसायच्या पैठणीबद्दल

कोल्हापूर

चि. सानिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली ब्लाउजची मापे काल शिंपीकाकांना दिली. त्यांनी वहीतले तुझे मागचे माप काढून शेजारी ठेवले आणि चष्मा वर करून विचारले, "वहिनी, हे सानूचेच माप आहे ना?" छातीत दोन इंच, कमरेत तीन आणि दंडात जवळजवळ एक इंच उतरला आहे. एकटीने माप घेताना टेप घट्ट ओढली गेली असेल, असे मी त्यांना म्हटले. ब्लाउज नव्या मापाचाच शिवायला सांगितला आहे, पण दोन्ही बाजूंच्या शिवणींत भरपूर कापड आत राखायला लावले आहे, म्हणजे पुढे उसवून मोठा करता येईल. या विषयावर अधिक लिहायचे नाही असे मी ठरवले आहे, कारण हे पत्र साडीबद्दल आहे.

आजीची अंजिरी पैठणी नेसून पदवी घेणार, असे तू कळवलेस तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. ते उठले आणि गुडघा दुखत असतानाही स्टुलावर चढून त्यांनी स्वतः ती वरच्या कप्प्यातून काढली. मलमलीत गुंडाळून आणि अधूनमधून घडी बदलून ती जपली आहे, तरी पदराजवळ एका घडीवर जर थोडी विरली आहे. तिथे पिन मुळीच लावू नकोस. खांद्यावरची पिन लावण्यापूर्वी तिच्यात एक बारीक मणी ओवून घे, म्हणजे पिनेच्या वेटोळ्यात रेशीम अडकून फाटत नाही. अत्तर किंवा स्प्रे साडी नेसण्याच्या बराच आधी लाव, कारण त्याने जर काळी पडते. इस्त्री करावीच लागली तर वर सुती कापड अंथरून आणि पाणी न मारता कर.

आता तुमच्या झग्याविषयी. तुझ्या सीनियर मुलींचे फोटो मी नीट पाहिले. खांद्यावरून पाठीवर सोडलेले ते हूड आपल्याच वजनाने मागे ओढले जाते आणि पुढची पट्टी गळ्याशी येऊन टोचते. शर्ट घालणाऱ्यांना ती पट्टी बटणात अडकवता येते. साडीला तशी सोय नसते आणि मग मुली ऐनवेळी रेशमातच पिना खुपसतात. म्हणून ब्लाउजच्या पुढच्या गळ्याच्या मध्यावर त्याच कापडाचे एक लहान बटण लावायला सांगितले आहे. हुडाची पट्टी तिथे अडकव, म्हणजे सगळा ताण ब्लाउजवर येईल आणि साडीला धक्का लागणार नाही. पदर मोकळा न सोडता चार बोटांच्या चुण्या घाल आणि नारळी काठ सर्वांत वर राहील असे बघ, म्हणजे झग्याच्या उघड्या भागातून तो काठ तिरपा दिसेल. पाठीमागचा पदर झग्याखाली झाकला जाणार म्हणून तू गुजराती पद्धतीने पुढे पदर घेण्याचा विचार करते आहेस, असे ताई म्हणाली. मला ते पटत नाही. समारंभ आटोपल्यावर झगा उतरव आणि बाहेर चौकात पदर पसरून वेगळा फोटो काढ. मैत्रिणी विचारतील तेव्हा तो उलटून दाखव. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही त्यांना सांग.

दागिने थोडेच घाल. हुडात अडकेल म्हणून मोहनमाळ पाठवत नाही. ठुशी गळ्यालगत बसते, ती पुरेशी आहे. मात्र तिचा गोंडा आता आणखी ओढून घ्यावा लागेल. कानात मोत्याच्या कुड्या घाल. पाटल्या पाठवायला काढल्या होत्या, पण झग्याच्या रुंद बाहीत हात वर केल्यावर त्या कोपरापर्यंत जातील आणि खाली केल्यावर हातातून निसटतील की काय, या विचाराने रात्री झोप लागली नाही. तुझे मनगट एवढे बारीक कधीच नव्हते. तू दुपारी जेवतेस की पुन्हा कॉफीवर दिवस काढतेस?

पाहा, पुन्हा त्याच विषयावर आले. रागावू नकोस. मे महिन्यात फोनवर जे झाले ते मला पुन्हा होऊ द्यायचे नाही.

तुमच्या एडिनबरा विद्यापीठाच्या मॅक्युअन हॉलमध्ये नाव पुकारल्यावर तुमच्या डोक्यावर ती जुनी काळी टोपी टेकवतात, असे तू सांगितले होतेस. म्हणून अंबाडा टाळूवर घालू नकोस आणि मानेवरही नको, कारण तिथे हूड येते. दोन्हींच्या मधोमध बांध आणि आजीचे अग्रफूल त्यात खोच. परकर सुतीच घे, सॅटिनवरून पैठणीचे वजन खाली सरकते. नोव्हेंबरची थंडी आहे, तेव्हा परकराखाली लोकरीचे मोजे हवेत. कोल्हापुरी चपला तिकडच्या ओल्या दगडी रस्त्यावर भिजून खराब होतील. बंद बूट घाल आणि ते आधी पायात घालूनच साडी नेस, नाहीतर उंचीचा अंदाज चुकून निऱ्या वर येतात.

शाळेच्या गॅदरिंगला तुला खणाचे परकर-पोलके घालायचे होते, तेव्हा आजीने गुडघे टेकून, तोंडात पिना धरून तुझ्या परकराचा घेर नीट केला होता आणि तू हलू नयेस म्हणून तुझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला होता. तू अर्धा खाल्लास आणि अर्धा तिला भरवलास. पिना तोंडात असताना लाडू कसा खाऊ, म्हणून ती हसत सुटली. त्या वेळी तुझे गाल केवढे गुबगुबीत होते. आज ती असती तर तिने या पैठणीसाठी स्कॉटलंडपर्यंत येण्याचा हट्ट धरला असता. बाबांच्या ऑपरेशनमुळे आम्हाला येता येत नाही, आणि तुझ्या निऱ्या धरायला जवळ कोणी नसेल, याची खंत वाटते. पण आपल्या घरातली पहिली परदेशी पदवी तू आजीच्या साडीत घेणार आहेस, हे मी गल्लीत सर्वांना सांगून झाले आहे.

शेवटी जे लिहायचे नव्हते तेच लिहिते. केस फार गळतात, छातीत धडधडते आणि हात थरथरतात, असे तू ताईला सांगितलेस. तुझ्या वयाची असताना माझेही असेच झाले होते, वजन असेच उतरले होते, आणि तेव्हा थायरॉईड निघाला. कदाचित तुला तसे काही नसेल. तरीही तिथल्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घे, आईला थायरॉईड आहे हे त्यांना आवर्जून सांग आणि रक्त तपासून घे. साडीचे पार्सल नंदूमामा सोमवारी पाठवतील. तपासणीचा निकाल आला की लगेच फोन कर, इकडे मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझी,
आई