दुसरीत बसलेली पहिली

भुसावळ
रविवार, 28 नोव्हेंबर 2021

प्रिय बापू,

तब्येती ठीक. आईची शुगर आहे तिथेच, नानांचा गुडघा आहे तसाच. पुढे.

गुरुवारी मंत्रिमंडळाने कोरोनाने बंद पडलेली पहिली ते चौथी उघडायचं ठरवलं, म्हणजे येत्या बुधवारी तुझ्या वर्गात लेकरं येणार. शिक्षकांच्या ग्रुपवर सगळे फुगे, पाकळ्या आणि स्वागताच्या फलकात गुंतलेत. तू एकच ओळ टाकलीस, 'दुसरीचं काय?' आणि तिच्याखाली कुणीतरी गुलाबाचं फूल चिकटवलं. म्हणून हे पत्र. फोन केला तर तू मधेच भांडायला लागतोस.

तुझी दुसरी नावालाच दुसरी आहे. ही पोरं जून 2020 ला पटावर चढली तेव्हा शाळा मार्चपासूनच बंद होती. कागदावर पहिली पास, प्रत्यक्षात फळा पाहिलेला नाही. तिसरीवाल्यांची पहिली जवळजवळ पुरी झाली होती, पण वीस महिन्यांत किती उरलं असेल ते तूच बघ. सेतू अभ्यासक्रमाचे 45 दिवस मागच्या इयत्तेचं उजळवायला होते. इथे उजळवायला आहे काय? तेव्हा दुसरं सत्र लागलं म्हणून पुस्तकाच्या मध्यापासून सुरू करा असं कुणी सांगितलं, तर मान डोलाव आणि पुस्तक कपाटात ठेव. निदान दोन आठवडे.

आधी तपासणी. एकेका पोराला बाहेर ओट्यावर घे. दहा अक्षरं, मग पाच सोपे शब्द, मग चार ओळींचा उतारा. जिथे अडेल तिथे थांब, चार मिनिटांच्या वर ताणू नकोस. बाकीच्यांच्या कानावर पडेल असं घेऊ नको, नाहीतर चौथं पोर उतारा पाठ करूनच येईल आणि तू खूश होशील. उतारे दोन-तीन ठेव, आलटून पालटून दे.

मग रोज दीड तास दुसरी-तिसरी-चौथीच्या भिंती मोड आणि वाचनाच्या पातळीवर गट कर. द्विशिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं. अक्षर न ओळखणारे तू घे, शब्द वाचणारे मॅडमकडे दे. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं करतात, जुना माणूस हुशार पोरं घेऊन बसतो. तीन आठवड्यांनी परत तपास आणि पोरं हलव. न हलवलेला गट म्हणजे कायमचा 'ढ' गट. चौथीतलं न वाचणारं पोर मात्र लहानांत बसवू नकोस. लाजेने ते दुसऱ्या दिवशी सरळ कापूस वेचायला जाईल, तिथे निदान रोज तरी मिळतो. अशा तिघाचौघांना वेगळं बसव आणि खताच्या गोणीवरचं, एस.टी.च्या पाटीवरचं वाचायला दे. (एस.टी. दिसली तर! संप मिटेपर्यंत तू फटफटीवरच ना? हेल्मेट घाल रे बाबा.)

लिहिण्याचं ऐक. बोटांना सवयच नाही. आल्याआल्या वही दिली तर पोर मुठीत पेन्सिल धरतं, कागद फाडतं आणि हात दुखला म्हणून रडतं. पहिला आठवडा काळी माती मळू दे, कागद फाडून चिकटवू दे, चिंचोके चिमटीने उचलू दे. मग पाटी. पेन्सिल नवी लांब देऊ नकोस, दीड-दोन इंचाचा तुकडा दे. तुकडा मुठीत धरता येत नाही, आपोआप तीन बोटांत येतो. एका वेळी पाच मिनिटं, बस.

आता आपलं जुनं भांडण. डी.एड.ला तू 'आधी मुळाक्षरं', मी 'आधी शब्द', आणि हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोनपर्यंत. तुझं अर्धं मान्य करतो, पण क ते ज्ञ ओळीने नको. म, क, न, ल आणि काना एवढंच घे. तिसऱ्या दिवशी मका, कान, नाक, मामा, काका, नाला तयार. वाचता येतंय असं पोराला वाटलं की ते उद्या येतं. यात मीच जिंकलो, हे तू मनात कबूल कर.

मास्कचं वेगळंच लफडं. तुझे ओठ दिसत नाहीत, म्हणून त-थ, म-न सगळं एकच ऐकू येतं. आवाजाचा तास लिंबाखाली घे, सहा फुटांवर उभा राहा. वर्गात ओरडून शिकवलंस तर आठवड्यात घसा बसेल. टाळी, घंटी, हाताच्या खुणा ठरवून टाक. पोरांचे मास्क दोन-दोन हवेत, कारण एक ओला होतोच. कोपऱ्यात रंगीत दोऱ्याची खूण घाल, नाहीतर दुपारपर्यंत अदलाबदल झालेली असते. पळताना काढू दे.

आणि वीस महिने घरी अहिराणीच कानावर आहे. पोरगं 'माले पानी पेवानं शे' म्हणालं तर आधी पाणी दे, प्रमाण मराठी नंतर.

दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेव. पंखा तीच हवा फिरवतो. उन्हातून चालत आलेल्या पोराला लगेच ताप मोजायची गन लावू नकोस, कपाळ तापलेलं असतं. दहा मिनिटं सावलीत, मग माप. कुणाचे आईबाप गेले असतील तर माहिती घरी जाऊन घे, वर्गात उभं करून नको, आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज तूच भरून दे.

वहिनींच्या बदलीचं काय? सोनूची यंदा दहावी ना, दीड वर्ष मोबाइलवर गेलंय. रोज अर्धा तास घड्याळ लावून हाताने लिहायला लाव.

दोन आठवड्यांनी किती पोरं कुठल्या गटात ते कळव. गुलाबाचं फूल पाठवू नकोस.

तुझा,
अण्णा

ता.क. निर्जंतुकीकरणाचं हायपोक्लोराइट 5 टक्क्यांचं आलं असेल तर एका भागाला चार भाग पाणी, म्हणजे 1 टक्का होतं. रोज ताजं कर, उन्हात त्याचा दम जातो. फवारू नकोस, कडी, बाक, नळ फडक्याने पूस. आणि संडासाच्या ॲसिडजवळ ठेवू नकोस. दोन्ही एकत्र झाले तर क्लोरीन वायू सुटतो. शिपाईमामा नेमकं तेच करतील.