८७ दिवसांचा सम्राट

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू त्या डिडियस ज्युलियानसवर खो खो हसत होतास ना, रोमची गादी चक्क बोली लावून घेतली म्हणून, तेव्हापासून माझ्या डोक्यात त्याच्या आधीचा म्हातारा घोळतोय. पर्टिनॅक्स. जेमतेम ८७ दिवस टिकला बिचारा.

बाप गुलामगिरीतून सुटलेला, हा स्वतः आधी मास्तर, पोरांना व्याकरण शिकवायचा, त्यात भागेना म्हणून फौजेत शिरला आणि चढत चढत थेट ब्रिटनचा गव्हर्नर. तिथे बंडखोर शिपायांनी त्याला मेला समजून टाकून दिलेलं, म्हणजे पिसाळलेले शिपाई काय चीज असते हे त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं, हे लक्षात ठेव.

इ.स. १९२ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री आधीच्या सम्राटाला, कॉमोडसला, गळा दाबून मारलं आणि ह्याला, वय ६६, सम्राट केलं. प्रिटोरियन गार्डला, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक फौजेला, माणशी १२,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल केले आणि खजिन्यात बघतो तर सगळे मिळून दहा लाख! मग कॉमोडसचे घोडे, हत्यारं, चैनीचं सामान, सगळं लिलावात काढलं (हो, लिलाव ह्याच्याकडेही झाला, फक्त सामानाचा). बायकोला ऑगस्टा (सम्राज्ञी) पदवी देत होते तर नको म्हणाला. पण गार्डची शिस्तही लगेच आवळायला गेला, तिथे घाई नडली असं मला वाटतं.

२८ मार्चला गार्डचे दोन-तीनशे शिपाई तलवारी उपसून राजवाड्यात घुसले. दारं लावून घेता आली असती, पण हा गडी सरळ समोर जाऊन बोलायला लागला. आणि अरे, त्यांनी माना खाली घालून तलवारी म्यान केल्या! एक सोडून. तो पुढे आला, ‘ही तलवार शिपायांनी पाठवलीय’ म्हणाला आणि वार केला. ह्याने टोगा, म्हणजे अंगावरचं रोमन वस्त्र, डोक्यावर ओढून घेतला.

नंतर गार्डच्या छावणीत गादीसाठी बोली लावत कोण होतं माहितीये? ह्याचाच सासरा, सुल्पिसियानस! तो माणशी २०,००० वर पोचला, बाहेरून डिडियसने २५,००० म्हटलं. तुझा हिरो ६६ दिवसांत खलास.

मग पुढचा सम्राट सेव्हेरस, त्याने फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) पर्टिनॅक्सचा मेणाचा पुतळा निजवून शाही अंत्यविधी केला. शेजारी एक पोरगा मोरपिसांनी माश्या वारत उभा होता, जणू म्हातारा नुसता झोपलाय.

तुझा,
विन्या