शॉर्ट सापडण्याआधी बोर्ड बाद करू नका

महोदय,

लॅपटॉप अचानक बंद पडला आणि चार्जर लावूनही दिवा लागेना, की दुकानातून बहुधा एकच उत्तर मिळते : ‘मदरबोर्ड गेला, बदलावा लागेल.’ पुष्कळदा हे उत्तर मल्टीमीटर न लावताच दिलेले असते. प्रत्यक्षात मुख्य लाइनवरचा (चार्जरची वीज बोर्डभर नेणाऱ्या वाटेवरचा), तांदळाच्या दाण्याहून लहान असा एखादा सिरॅमिक कपॅसिटर आतून चिरलेला असतो. बोर्ड वाकल्याने, स्क्रू जास्त आवळल्याने किंवा ओल शिरल्याने त्याचे थर एकमेकांना टेकतात, म्हणजे शॉर्ट होतो, आणि पूर्ण बोर्ड गप्प होतो. तो कपॅसिटर काही रुपयांना मिळतो.

तपासणीची सुरुवात चार्जर, बॅटरी आणि बटन सेल काढून करावी. मग पॉवर बटन काही सेकंद दाबून उरलासुरला चार्ज जाऊ द्यावा. मीटर ओहमवर ठेवावा, बीपवर नको. बहुतेक मीटर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही लागले की वाजतात, आणि प्रोसेसरच्या कोअर लाइनला (त्याच्या गाभ्याला वीज देणाऱ्या वाटेला) चांगल्या बोर्डातही दोन-पाच ओहमच दिसतात. ग्राफिक्स चिपला तर कधी एकाहून कमी. नवशिके नेमके इथेच फसतात आणि धडधाकट चिप शॉर्ट ठरवतात. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून वायरींचा स्वतःचा रोध (साधारण 0.2 ओहम) आधी वजा करावा. मग काळी प्रोब स्क्रूच्या भोकाजवळच्या ग्राउंडवर ठेवून लाल प्रोबने एकेक कॉइल (प्रत्येक लाइनवरचे तारेच्या गुंडाळीचे चौकोनी ठोकळे) मोजत जावे. 19 व्होल्टच्या मुख्य लाइनला हजारो ओहम किंवा त्याहून जास्त यायला हवेत, 3.3 आणि 5 व्होल्टच्या लाइनलाही किलोओहमच्या घरात. तिथे एखादा ओहम दिसला तर शॉर्टची लाइन सापडली.

करंट मोजण्यासाठीचा R010 किंवा R020 असा छाप असलेला रेझिस्टर शोधून त्याचे प्रत्येक टोक ग्राउंडशी मोजावे. त्याच्या आसपासचे इनपुट मॉस्फेट (विजेचे इलेक्ट्रॉनिक स्विच) वीज नसताना बंद असतात, त्यामुळे शॉर्ट जॅककडच्या बाजूला आहे की बोर्डाच्या आत, हे तिथेच कळते. टाइप-सी लॅपटॉपमध्ये यूएसबी मीटर 20 ऐवजी 5 व्होल्टवरच अडकलेला दिसला, तर मुख्य लाइनचा शॉर्ट किंवा टाइप-सी कंट्रोलर (चार्जरशी बोलून व्होल्टेज ठरवणारी चिप) संशयित.

सर्वांत महागात पडणारी चूक पुढच्या पायरीवर होते. कोअर लाइनचा वरचा, म्हणजे मुख्य लाइनकडचा, मॉस्फेट जळून आरपार झाला, की मुख्य लाइन थेट प्रोसेसरला जोडली जाते. मीटर मुख्य लाइनवर दोन-तीन ओहम दाखवतो, पण तो रोध खरे तर प्रोसेसरचा असतो. शॉर्ट समजून तिथे 19 व्होल्ट सोडले, की वाचलेला प्रोसेसरही जातो. म्हणून व्होल्टेज सोडण्याआधी मुख्य लाइन आणि प्रत्येक कोअर कॉइल यांच्यामधला रोध मोजलाच पाहिजे. तो शून्याजवळ आला तर आधी तो मॉस्फेट उतरवावा. नव्या बोर्डांत वरचा-खालचा असे दोन्ही मॉस्फेट एकाच चिपमध्ये असतात, तेव्हा ती चिपच काढावी लागते.

एवढे झाल्यावर बेंच पॉवर सप्लायने (व्होल्ट आणि करंट हवे तसे ठरवता येणाऱ्या उपकरणाने) शॉर्ट लाइनला 1 व्होल्ट द्यावा, करंटची मर्यादा 1 अँपिअरपासून सुरू करून हळूहळू 3 ते 5 पर्यंत न्यावी. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरावे. ते जिथे सर्वांत आधी सुकते तिथे गुन्हेगार. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच. बोट लावून पाहणारे बरेच आहेत, चटका बसल्यावरच कळते!

शॉर्ट अगदी पक्का, म्हणजे 0.01 ओहमचा असेल, तर मात्र 5 अँपिअर सोडूनही कपॅसिटरमध्ये पाव वॅटच उष्णता होते, उलट बारीक वायरीच तापतात. अशा वेळी जाड वायरी वापराव्यात आणि मीटर मिलिव्होल्टवर लावून शॉर्ट लाइनवरचा एकेक कपॅसिटर मोजावा. ज्या टोकांत सर्वांत कमी मिलिव्होल्ट दिसतील, त्याच्या जवळपास शॉर्ट.

तापणारा कपॅसिटर काढल्यावर पुन्हा ओहम पाहावेत. शॉर्ट गेला तर 19 व्होल्टच्या लाइनवर 25 व्होल्टचाच कपॅसिटर लावावा. भंगार बोर्डावरून उचललेला 6.3 व्होल्टचा बसवला, तर बोर्ड परत येणारच. समांतर दहा-बारा असल्याने एक नसला तरी लॅपटॉप चालतो, पण ती सवय चांगली नाही. पहिल्यांदा चालू करताना चार्जर लावू नये. बेंच सप्लायवर 19 व्होल्ट आणि करंटची मर्यादा कमी ठेवावी.

तापणारी वस्तू प्रोसेसर किंवा चिपसेटच निघाली, तर बोर्ड खरोखर संपला. पण हे मोजून सांगावे. आता पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेजही बोर्डावरच सोल्डर केलेले असते; मॅकबुकमध्ये तर डेटा त्याच बोर्डावरच्या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो. तिथे बोर्ड बदलणे म्हणजे फोटो आणि हिशेब कायमचे सोडणे.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वॉरंटी संपलेल्या मॉडेलचे स्किमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्डव्ह्यू (कोणता भाग बोर्डावर कुठे आहे ते दाखवणारी फाइल) कंपन्यांनी उघडपणे द्यावेत, अशी आमची मागणी आहे. तोवर ग्राहकांनी दुकानदाराकडून बिलावर एवढे तरी लिहून घ्यावे : कोणत्या लाइनला शॉर्ट, दुरुस्तीआधी किती ओहम, नंतर किती.

— बोर्ड दुरुस्ती करणारे काही कारागीर, पुणे