आरसे घेऊन आलेल्या सरांस

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

निवृत्तीनंतरही आपण सलग चार शनिवार आमच्या जिल्हा परिषद शाळेत येऊन दुसरीच्या 28 मुलांना स्वतःचे चित्र काढायला शिकवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

आजवर माझ्या वर्गात ‘मी’ या विषयावरचे चित्र म्हणजे मी फळ्यावर एक लंबगोल चेहरा काढायचा आणि तोच सगळ्या वह्यांत उतरायचा, एवढेच असे. डोळे थेट केसांखाली आणि उरलेल्या जागेत नाक-तोंड! आपण एकालाही ‘चुकले’ म्हटले नाही. शेजाऱ्याच्या चेहऱ्यासमोर दोरा ताणून माथ्यापासून डोळ्यांपर्यंत आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत मोजायला लावलेत. दोन्ही अंतरे जवळजवळ सारखीच भरली, तेव्हा मुलांचा विश्वासच बसेना. त्या रात्री मीही घरी दोरा धरून पाहिला, हे आता सांगायला हरकत नाही.

खोडरबर गोळा करून घेतलेत, तेव्हा मला धास्ती वाटली होती. परंतु रेघ पुसता येत नाही म्हटल्यावर मुले कागदाकडे कमी आणि आरशाकडे जास्त पाहू लागली. गालावर तीळ असलेल्या मुलीला तिच्या शेजाऱ्याने तीळ उलट्या बाजूला काढल्याचे सुनावले, तेव्हा आपण काही न समजावता तिचा कागद आरशाशेजारी धरलात आणि दोघांनाही नुसते बघायला सांगितलेत. बराच वेळ दोघे एकदा आरशात, एकदा एकमेकांकडे पाहत राहिले.

सर्वांत जास्त ऋण आहे ते रंगांच्या तासाचे. खडूच्या पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला मुले ‘अंगाचा रंग’ म्हणतात आणि मीही इतकी वर्षे निमूटपणे तेच म्हणत आले. वर्गात त्या रंगाचे एकही मूल नाही. आपण बाटल्यांच्या झाकणांत तपकिरी, पिवळा, पांढरा आणि किंचित लाल रंग देऊन प्रत्येकाला मनगट कागदावर टेकवून तिथे आपला रंग जुळवायला लावलेत. सावळेपणावरून चिडवला जाणारा एक मुलगा तीनदा रंग बदलून अखेर ‘सर, हा घ्या, हाच मी’ म्हणत झाकण घेऊन आपल्याकडे आला, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

चित्रकार अमृता शेरगिल यांनी पॅरिसमध्ये शिकत असताना स्वतःला पुन्हा पुन्हा रंगवले, आणि मॉडेलसाठी पैसे नसल्याने डच चित्रकार व्हॅन गॉग यांनी 1888 मध्ये मुद्दाम चांगला आरसा विकत घेतला, ही आपली गोष्ट मुलांनी घरोघरी सांगितली आहे. परिणामी दोन पालकांनी मोटारसायकलचा आरसा सुटून गेल्याची प्रेमळ तक्रार माझ्याकडे केली.

चित्रे सध्या व्हरांड्यात तारेवर टांगली आहेत. पालकसभेच्या दिवशी नावे मुद्दाम झाकली होती; तरी एका आजींनी पडलेल्या दोन दातांच्या फटीवरून नातवाला लांबूनच ओळखले.

आपले बारा आरसे कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. एकाचा कोपरा उडाला आहे, त्याबद्दल क्षमस्व. यंदाची पहिली आतापासूनच ‘आमच्याकडे सर कधी येणार’ म्हणून विचारते आहे. जून महिन्यातला एखादा शनिवार आपण कळवावा, ही विनंती.

आपली नम्र,
दुसरीची वर्गशिक्षिका